सातवीत एकटी

दिवाळीनंतर किशोरी मामाकडे तळेऱ्याला शिकायला गेली आणि सातवीत आकांक्षा एकटीच उरली. रेडीच्या वरच्या वाडीतली शाळा तशी लहानच. पाचवी-सहावीची मुलं पुढे गलका करत बसायची. मागच्या बाकावर आकांक्षा. गणित सुटलं तरी उत्तर कोणाशी ताडून बघणार?

त्या दिवशी विनीताबाईंनी फळ्यावर लिहिलं, ०.६ : ०.१५. "आधी अपूर्णांक कर, मग सोपं रूप दे."

आकांक्षाने पेन उचललंच नाही. बाई जवळ आल्या. "येत नाही का गो?"

"येता. पण एकट्यान करूक कंटाळो येता."

बाईंनी सहावीतल्या एकाकडून कागद मागून घेतला आणि त्या किशोरीच्या जागेवर बसल्या. "चल, दोघी सोडवू. बघायचं नाही हां."

दोघी खाली माना घालून लिहू लागल्या. आकांक्षाने हाताचा आडोसा केला, पूर्वी किशोरीपासून करायची तसा.

"माझं झालं," बाई म्हणाल्या. "दोनास पाच."

"माझा चारास एक इला."

आकांक्षाने बाईंचा कागद ओढून पाहिला. सहा छेद दहा, पंधरा छेद दहा.

"बाई, पॉइंटच्या पुढे दोन आकडे आसत. म्हंजे पंधरा छेद शंभर. मग सहा छेद दहाचे साठ छेद शंभर करूचे. साठास पंधरा. पंधरान भागला की चारास एक."

बाईंनी कागद पुन्हा पाहिला आणि त्यांना हसू आलं.

"मुद्दाम चुकलात काय?"

"नाय गो. घाईत खरंच चुकले."

आकांक्षा इतकी हसली की पुढची मुलं वळून बघू लागली. पण तेवढ्यात पाचवीत भांडण लागलं, बाई उठून गेल्या, आणि उरलेली गणितं तिने एकटीनेच सोडवली.

घरी येताच तिने बाबांच्या फोनवरून किशोरीला फोन लावला. पलीकडे मुलींचा गलबला होता.

"किशोरी, आज काय झाला माहिती? विनीताबाय—"

"आकांक्षा, मगे लावतंय हां. आमी भायर चललंव."

संध्याकाळभर आकांक्षा फोन जवळ घेऊन ओट्यावर बसली. फोन वाजला नाही. जेवताना तिने आईला सगळं सांगितलं, दशांश, शतांश, सगळं. आईला त्यातलं फारसं कळलं नाही.

"मगे बाय रागावली काय?"

"नाय. हसली."

"बरी आसा मगे," आई म्हणाली आणि तिच्या ताटात भात वाढला.