पोटरी

"अगं, ओढतेस काय त्यांना? पोतं आहे का ते?" आतल्या खोलीतून आई ओरडली. तिला तिथून काही दिसत नव्हतं. पलंगाच्या करकरण्यावरून तिला सगळं कळायचं.

"तू गप पड गं," लेक म्हणाली. बाबांच्या कमरेला बांधलेला पट्टा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, हात लांब करून, मान वळवून. बाबा जेमतेम वीतभर उचलले गेले आणि पुन्हा गादीवर बसले.

"माल खरा आहे," बाबा म्हणाले. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण विनोद शाबूत होता. "काटा गंडलाय."

जन्मभर त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासली होती. दोन वर्षांपूर्वी डावं अंग गेलं, तेव्हापासून आई त्यांना उठवायची. तिची एक पद्धत होती. त्यांच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवायचे, त्यांचा धड हात आपल्या गळ्यात घ्यायचा, छातीला छाती लावायची आणि एक झोका देऊन उभं राहायचं. "टाका हात. लाजताय काय, लग्नाचीच बायको आहे," ती म्हणायची. उठल्यावर दोघं धापा टाकत घटकाभर तशीच उभी राहायची, मग बारीक बारीक पावलं टाकत खुर्चीकडे वळायची.

पण आईचं वय वाढत होतं आणि बाबांचं वजन. शेवटी आईनं कोपऱ्यावरची व्यायामशाळा गाठली. बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये ट्रेनर मुलीनं विचारलं, "काकू, किती वजन कमी करायचंय?"

"माझं राहू दे तसंच," आई म्हणाली. "मला माणूस उचलायचाय."

मुलगी आधी हसली, मग तिनं मनावर घेतलं. वाळूची गोणी छातीशी धरून आई पायरी चढ-उतर करू लागली. घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "तुमच्यापेक्षा गोणी बरी, टोमणे मारत नाही." एके दिवशी उशीर झाला, बाबांच्या चहाची वेळ टळत होती. अंग न तापवताच तिनं गोणी उचलली, दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, आणि पोटरीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. तिनं वळून बघितलंसुद्धा. मागे कुणीच नव्हतं.

पोटरीचा स्नायू फाटला होता. फिजिओनं सांगितलं, पाय उशीवर उंच, बर्फ, घट्ट पट्टी. चोळायचं नाही, शेकायचं नाही, आणि काही आठवडे कुणाला उचलायचं नाही. म्हणून लेक ऑफिसचं काम लॅपटॉपवर घेऊन माहेरी आली होती. आई आत पोटरीवर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून पडलेली, आणि लेक बाहेर बाबांशी झगडत.

तिला जमत नव्हतं ते ताकद कमी म्हणून नाही. बाबांच्या जवळ जाणं तिला जमत नव्हतं. या घरात बापलेकीनं एकमेकांना मिठी मारल्याचं तिला आठवत नव्हतं. ती वर्गात पहिली आली तेव्हाही बाबांनी फक्त तिच्या दप्तराचा पिळलेला बंद सरळ केला होता. आता त्यांचं ते ऊबदार, सैल पडलेलं अंग, ओघळणारी लाळ, औषधांचा आणि घामाचा वास. पट्टा तिनंच शोधून काढला होता. त्यानं दोघांमध्ये हातभर अंतर राहायचं. ती मान वळवते हे बाबांच्या लक्षात आलं होतं. हल्ली उठवायच्या आधी ते रुमालानं तोंड पुसून घेत.

त्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. "जरा गॅलरीत बसव गं मला. ऊन आलंय."

ती पट्टा घेऊन आली.

"पट्टा नको, काचतो. आईसारखं धर की." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

हात हवेत राहिला. ती पट्ट्याचं बक्कल उघडमीट करत उभी.

"बाबा, माझी मीटिंग आहे आता. संध्याकाळी बसवते."

"हो, हो. कामाचं आधी बघ. मला कुठे गाडी पकडायचीय?" त्यांनी हात खाली घेतला, शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि ते भिंतीकडे बघत राहिले.

मीटिंग नव्हती. ती लॅपटॉप उघडून नुसती बसली.

"उठले का गं हे?" आईनं आतून विचारलं.

"नको म्हणाले."

"नको? हे नको म्हणाले?"

"झोप येतेय म्हणाले."

संध्याकाळी बाबांना खरंच झोप लागली होती. सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत. झोपेतच दुसरा झटका आला, असं डॉक्टर म्हणाले. कुणाच्या हातात काही नव्हतं, असंही म्हणाले.

माणसं आली, गेली. घर रिकामं झाल्यावर फिजिओनं आईचा पाय पाहिला. "सूज उतरलीय. आता बर्फ बंद. टॉवेलनं पाऊल ओढून पोटरी ताणायची, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हळूहळू खाली. कंटाळा केलात तर स्नायू आखडेल आणि लंगडणं मागे लागेल."

आई मान डोलवायची आणि काही करायची नाही. टाच टेकायचीच नाही, चवड्यावर पाय टाकत घरभर हिंडायची. लेकीला वाटलं, दुःख आहे, निवळेल.

एका सकाळी ट्रेनर मुलगी भेटायला आली. लेक चहा घेऊन दारापर्यंत आली आणि आईचा आवाज ऐकून थबकली.

"दोन वर्षांत हे कधी उठायला नको म्हणाले नाहीत गं. त्याच दिवशी म्हणाले. म्हणजे आतून काहीतरी होत असणार ना? मला कळायला हवं होतं. मी जवळ घेतलं असतं तर मला छातीलाच कळलं असतं. पण मी कुठे? आत, मटार लावून पडलेली. गोणी उचलायची हौस!"

"चूक माझी, काकू," मुलगी रडत म्हणाली. "मी लक्ष द्यायला हवं होतं. वॉर्मअप न करता उचलूच द्यायला नको होती."

"तुझी कसली चूक? माझ्या पायाची."

लेक ट्रेसकट स्वयंपाकघरात परतली. चहावर साय धरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. आपण सहज फेकलेले दोन शब्द या दोघी उचलून फिरत होत्या, आणि आपण चहा करत होतो. मुलगी गेली तेव्हाही ती बाहेर आली नाही.

दुपारी आई ओट्यापाशी भाजी चिरत होती, एका पायावर सगळा भार टाकून.

"आई, टाचा उचल ना. फिजिओ उद्या विचारतील."

"राहू दे. ऐन वेळी दगा दिला या पायानं. त्याची एवढी बडदास्त कशाला? लंगडू दे."

"असं नको बोलूस."

"का? खोटं आहे?"

आता गप्प बसलं तर आईचं लंगडणं जन्मभर आपलं, एवढं लेकीला स्वच्छ दिसलं. बोललं तर आई पुन्हा आपल्याकडे नीट बघेल की नाही, ते दिसत नव्हतं.

"खोटं आहे," ती म्हणाली. "ते नको म्हणाले नव्हते."

आईची सुरी थांबली.

"गॅलरीत बसव म्हणाले. पट्टा काचतो, आईसारखं धर म्हणाले. हात पुढे केला होता त्यांनी." तिनं ओट्याची कड धरली. "मी मीटिंग आहे म्हणून सांगितलं. मीटिंग नव्हती."

आई वळली. दुखरा पाय तिनं नकळत पूर्ण टेकला. चेहरा कळवळला, पण तिनं पाय उचलला नाही.

"मग का नाही धरलंस?"

आईच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे सुटकाही नव्हती. लेक खाली बघून काहीतरी पुटपुटली.

"वर बघून सांग," आई म्हणाली.

तिनं वर बघितलं.

"मला लाज वाटली, आई. माझ्याच बाबांना जवळ घ्यायची लाज वाटली मला. आणि ते त्यांना कळलं होतं."