दारावरची माळ

"उपटा, उपटा! तुमच्या बापानं लावलीय न्हवं का ही थिमारी!" फ्लोरू खालूनच ओरडत चढण चढून आली.

अर्धा उतार बोडका झाला होता. ऐन फुलातली थिमारी मुळासकट ओढून पेंढ्या गाढवावर लादल्या होत्या, आणि मधमाश्या त्या जांभळ्या पेंढ्यांभोवतीच घोंगावत होत्या.  नवरा गेल्यापासून या खडकात एकेक रोप खोचून फ्लोरूनं ही वासाची झुडपं जगवली होती. तिच्या पेट्यांतल्या माश्या याच फुलांवर जगायच्या. ऐन उन्हाळ्यात बेटावर दुसरं फुलतंय काय? धोंडे!

"वैनी, तोंड आवरा," धाकटा दीर याकूमी घाम पुशीत म्हणाला. तो गावचा प्रमुख. "आज संत यानीचा सण, चौकात आग पेटवून वरनं उड्या मारायच्या. हाटेलातले पाव्हणे येणारेत. थिमारी जळली की कसा घमघमाट सुटतो! उद्याबी पाव्हण्यांसाठी पेटवायचीय, उरलेली तवा नेतो."

"उद्या? आन् माझ्या माश्यांनी काय तुमच्या मिशा चाटायच्या? आगीत काय टाकत्यात, भावजी? मे महिन्यात दारावर बांधलेली फुलांची माळ, ज्याची त्यानं, आपल्या हातानं. कुठाय तुमची?"

 याकूमीच्या दारावर बाजारातली प्लॅस्टिकची माळ होती, उन्हानं विटलेली, कोंबडीनं घाण केलेली. सगळ्या गावाच्या दारावर तसलीच. फुलं वेचायला कंबर कोण मोडून घेणार?

"आगीला न्हाई म्हणू नये वैनी, घराला बाधतं," एवढं बोलून त्यानं गाढव हाकललं.

दिवस कलला तसं चौकात द्राक्षाच्या काटक्या पेटल्या. पाव्हणे खुर्च्यांवर बसले. थिमारीचा ढीग शेवटी टाकायला बाजूलाच होता. फ्लोरू आली ती आपल्या दारची वाळकी माळ घेऊन. ती आगीत टाकली, तडतड वाजली, आणि कमरेवर हात ठेवून तिनं हाळी दिली,

"आता प्रमुखाचं घर! माळ टाकल्याबिगर आगीवरनं उडी न्हाई, रीत हाय!"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पाव्हण्यांना वाटलं खेळच आहे, त्यांनी टाळ्या पिटल्या. आता सुटका कुठली! याकूमीची बायको रडवेल्या तोंडानं माळ घेऊन आली. तिच्यामागनं एकेक घर, एकेक प्लॅस्टिक. बघता बघता आगीतनं काळा, चिकट धूर उठला. घाण म्हणजे अशी घाण, की मेलेलं कुत्रं बरं. पोरं ओकली. पाव्हणे नाकाला फडकी लावून उठले. हाटेलवाला याकूमीवर खेकसला, "बास झालं! उद्याही नको आन् पुढच्या वर्षीही नको!"

"वैनी," याकूमी खोकत जवळ आला, "पाया पडतो, चार पेंढ्या टाका की वर. वास तरी मरंल."

फ्लोरू थिमारीच्या ढिगावर फतकल मारून बसली आणि आगीच्या दिशेनं पचकन थुंकली.

"एक काडी देणार न्हाई. तुमच्याच दारचा वास हाय, भावजी. घ्या पोटभर!"