कांद्यातलं हिरवं

वनमालानं बारावीचं जीवशास्त्र पाठ केलं ते पोळ्या लाटता लाटता. लेक कॉलेजात गेल्यावर आई परीक्षेला बसली म्हणून बीरगांवच्या गल्लीला हसायला आयतं निमित्त मिळालं. हसेनात का मेले. आजचं प्रात्यक्षिक निघालं की नर्सिंगचा अर्ज भरता येणार होता. नाही निघालं तर नवऱ्यानं, मारोतीनं, सांगूनच ठेवलं होतं, मग बस झालं शिक्षण.

इथल्या हिंदी मुलखात वाढलेली लेक पिंकी हिंदीतच बोलायची. शंकर नगरच्या शाळेपाशी स्कूटीवरून उतरवताना तिनं बजावलं, "मम्मी, सर जो भी पूछें, 'है' बोल देना. बहस मत करना."

वनमालानं कांद्याचा पातळ पापुद्रा काढला, रंगाचा थेंब टाकला, वर काच ठेवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अगं बाई, हे तर खरंच असतं! विटांसारख्या एकीला एक लागून पेशी, प्रत्येकीला भित्तिका, आणि आत एक गडद ठिपका. केंद्रक. साऱ्या पेशीचा कारभार चालवणारं, आणि बसलंय कसं गुपचूप कडेला. धावत जाऊन अख्ख्या शाळेला बोलावून आणावं असं तिला झालं.

परीक्षक आले. तिनं त्यांना केंद्रक दाखवलं, भित्तिका आधार देते हेही सांगितलं.

"अब हरितलवक दिखाइए."

शेजारची पोट्टी मघाशी कुठल्याशा ठिपक्यालाच हरितलवक म्हणून सुटली होती. वनमालानं काच सरकवली, परत सरकवली. पुस्तकातल्या चित्रात हिरवे दाणे होते, इथं हिरवं नावाला नव्हतं. 'है' म्हटलं की काम झालं असतं.

"नहीं है सर," ती म्हणाली, आणि घाबरून मराठीतच सुटली, "कांदा जमिनीत वाढते. तिथं ऊन नाही. मग उन्हावर अन्न बनवणारं हरितलवक तो काहून ठेवन?"

परीक्षकांनी पेन काढलं. मग गुण लिहिता लिहिता म्हणाले, "सुबह से यही सुनना चाहता था. पास हैं आप."

"सर, अजून एक डाव पाहू?"

त्यांनी हसून स्टूल पुढे सरकवलं.

बाहेर पिंकी ताटकळली होती. "है बोला ना?"

"नाही म्हटलं. अन् पास झाली."

पिंकीनं स्कूटीला लावलेली किल्ली परत काढली. आईचा चेहरा असा फुललेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"काय दिसलं आतमधी?" ती म्हणाली. "मले पण सांग नं."