राखणदाराचे आठ सेकंद

राखणदार म्हणजे बिस्किटांच्या जुन्या डब्यात बसवलेलं एक साधं यंत्र. पण धाकटीला त्याचा अभिमान असा, की कोणी नुसती धूळ पुसायला हात लावला तरी तिच्या कपाळावर आठ्या पडत. आठवडाभर ती लोकांचे पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायची. रविवारी सकाळी मात्र वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, वस्तीच्या छोट्याशा रेडिओ स्टेशनात यंत्रांपाशी बसायची, निव्वळ हौसेखातर. दोन वर्षांपूर्वी एकदा तिथली वायर सुटली आणि स्टेशन पाऊण तास मुकं राहिलं. निवेदन करणाऱ्या बाई आत तल्लीन होऊन बोलतायत, आणि बाहेर घराघरातल्या रेडिओत चिडीचूप. त्यानंतर धाकटीने हा डबा तयार केला. सलग आठ सेकंद शांतता पडली की राखणदार समजायचा, काहीतरी बिघडलं. मग तो स्टुडिओचा आवाज तोडून आपणहून एक राखीव ध्वनिमुद्रण लावायचा आणि भिंतीवरचा लाल दिवा पेटवायचा. कोणी येऊन बटण दाबेपर्यंत स्टुडिओतलं अवाक्षर बाहेर जात नसे.

ते राखीव ध्वनिमुद्रण होतं 'घरची पाण्याची टाकी कशी धुवावी'. एक आरोग्य अधिकारी चाळीस मिनिटं तेच सांगत होते. त्याहून लांब दुसरं काही स्टेशनाकडे नव्हतं.

त्या रविवारी साडेदहाच्या कार्यक्रमात धाकटीचा दादा क्लॅरिनेट वाजवणार होता. दादा अडुसष्ट वर्षांचा. पोटासाठी शिवणकाम केलं आणि जिवासाठी चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. सोमवारी त्याचे वरचे पुढचे दात काढायचे ठरले होते. कवळी लावून क्लॅरिनेट धरणं आपल्याला जमणार नाही, हे त्याला डॉक्टरांच्या आधीच कळून चुकलं होतं. म्हणजे वाजवायचं ते हे शेवटचं.

आणि ते एकाच माणसासाठी वाजवायचं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला अक्का, या दोघांची थोरली बहीण, खुब्याचं हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळली होती. तिच्या उशाशी धाकटीनेच रेडिओ ठेवला होता. अक्का आणि दादा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडणाचं कारण एवढंसं होतं, पण भांडणारे मोठे होते. त्यांचे वडील पोस्टमन. संध्याकाळी घरी आले की जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबून शीळ घालायचे. एक धून होती, तिचा अर्धा भाग ते खालून वाजवत आणि उरलेला अर्धा वरून अक्का वाजवी. तो मान थोरलीचा. वरून उत्तर आल्याशिवाय वडील पायरी चढत नसत. अक्काच्या मुलीच्या लग्नाचं ठरलं तेव्हा दादा म्हणाला, मुलगी घरातून निघेल तेव्हा मी जिन्याखाली क्लॅरिनेटवर वडिलांचा अर्धा भाग वाजवतो, तू वरून उत्तर दे. अक्का खूश झाली, चार जणींना सांगून बसली. नेमकं त्याच सकाळी बँडमास्तरने दादाला दुसऱ्या लग्नाला नेलं आणि दादाला नाही म्हणता आलं नाही. तो धापा टाकत पोचला तेव्हा मुलगी निघून गेली होती. अक्का भर पाहुण्यांत म्हणाली, "गावभर वाजवत फिरतोस, आणि घरात तेवढं तोंडात मूग धरतोस होय?" दादा न जेवता निघून गेला. त्यानंतर दोघांपैकी कोणी वाकेल तर शपथ.

"तिच्या घरी मी जाणार नाही," दादाने आठवडाभर आधी धाकटीला बजावलं होतं. "पण तिला म्हणावं, रविवारी रेडिओ लाव. राहिलेलं वाजवून टाकतो."

अक्काने निरोप ऐकून घेतला आणि म्हणाली, "मी रेडिओ तसाही लावतेच." अक्काच्या तोंडून याहून गोड काही निघणं शक्य नव्हतं, म्हणून धाकटी उड्या मारत घरी आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवढ्या मारता येतील तेवढ्या.

स्टेशनात येणाऱ्या प्रत्येकाला धाकटीने एक नियम पाठ करायला लावला होता: हेडफोनवर विश्वास ठेवू नका, टेबलावरचा छोटा रेडिओ ऐका. हेडफोनमध्ये येतं ते स्टुडिओत काय चाललंय ते, आणि रेडिओत येतं ते लोकांपर्यंत काय पोचलंय ते. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्या दिवशी तिने स्वतःच छोटा रेडिओ बंद केला आणि हेडफोन चढवले. खरखरीतून नको, आपल्या भावाचा सूर आपल्याला स्वच्छ ऐकू दे, एवढाच तिचा मोह. तो करणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा?

बाईंनी दादाची ओळख करून दिली. दादाने दोन वाक्यं बोलायची आणि वाजवायला लागायचं, असं ठरलं होतं. गाणंबजावणं सुरू झालं की धाकटी राखणदार बंद करी, कारण वाजवणारे मध्येच थांबतात. बोलणं चालू असेपर्यंत तो चालूच राही.

दादा माइकसमोर उभा राहिला. "अक्का..." म्हणाला, आणि ठरलेली वाक्यं सोडून हातातल्या क्लॅरिनेटकडे पाहू लागला. काचेपलीकडून धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. हेडफोनमध्ये तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणून तिला ती शांतता वाटलीच नाही. राखणदाराला मात्र श्वास ऐकू येत नव्हता. तिच्या पाठीमागे भिंतीवर लाल दिवा पेटला.

मग दादाने क्लॅरिनेट ओठाला लावलं. धाकटीने सवयीने राखणदाराचा खटका बंद केला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेरा मिनिटं दादा वाजवत होता. वडिलांचा अर्धा भाग, अक्काचा अर्धा भाग, मग दोन्ही एकात एक गुंफून. बाईंनी दोनदा चष्मा काढून पुसला. धाकटी तर उघड उघड रडत होती. इतकं चांगलं त्याने उभ्या आयुष्यात वाजवलं नव्हतं.

तो थांबला, आणि टेलिफोन वाजला. धाकटीने नाक पुसत उचलला.

"कार्यक्रम फार उपयोगी हो," पलीकडून एक गृहस्थ म्हणाले. "फक्त एक शंका होती. टाकी घासून झाल्यावर तुरटी फिरवायची, की आधी?"

धाकटीने मागे वळून पाहिलं. लाल दिवा शांतपणे जळत होता.

तिने बटण दाबलं, बाईंना खुणेने काहीतरी बोलत राहायला सांगितलं आणि ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात दादा घाम पुसत बाहेर आला. त्याचा चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका झाला होता.

"ऐकलं असेल ना गं तिने?"

हो म्हणणं किती सोपं होतं! एक अक्षर, आणि उद्या तो समाधानाने दात काढायला गेला असता. धाकटीच्या ओठांवर ते आलंही. पण पलीकडे अक्का इतका वेळ उशाशी टाकीचं पुराण ऐकत पडली असेल, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"नाही, दादा," ती म्हणाली. "गेलंच नाही बाहेर. माझी चूक झाली. तू बोलायचा थांबलास, राखणदार मध्ये पडला, आणि मी बघितलं नाही. दुसऱ्या कोणाची नाही, माझीच चूक."

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त क्लॅरिनेटचे भाग सुटे केले, एकेक पुसला आणि पेटीत ठेवायला लागला.

"नशिबातच नव्हतं," तो म्हणाला. "तेव्हाही नव्हतं, आत्ताही नाही."

पुन्हा टेलिफोन वाजला. तुरटीचंच असेल म्हणून धाकटीने तो कानापासून लांब धरला. पण आवाज अक्काच्या सुनेचा होता, आणि तिच्या हातातून लगेच कोणीतरी टेलिफोन हिसकावून घेतला.

"धाकटे, मी काय टाक्या धुवायला पडलेय होय इथे? तो आला नाही ना? मला ठाऊकच होतं!"

"आलाय गं. इथेच उभा आहे. तेरा मिनिटं वाजवलं त्याने. माझ्या डब्याने तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही."

मग अक्का हळू आवाजात म्हणाली, "त्याला विचार, बरा आहे ना."

"अक्का विचारतेय, बरा आहेस का?"

"तिला सांग, बरा आहे," दादा पेटीकडे बघत म्हणाला. "तिला विचार, खुबा दुखतो का."

"त्याला सांग, दुखणारच. हाड आहे, लाकूड नाही."

धाकटीचं डोकंच फिरलं. अकरा वर्षं ती या दोघांचे निरोप पोचवत आली होती. "मी काय टेलिफोन खातं उघडलंय? दादा, आत जा. पंधरा मिनिटं शिल्लक आहेत. अक्का, सुनेला रेडिओ बंद करायला सांग, नाहीतर दोन आवाज भिडून शिट्ट्या वाजतील, टेलिफोनवरूनच ऐक. तुला प्रसारणात घेतेय."

"अगं, माझे केस..."

"रेडिओवर केस दिसत नाहीत!"

दादा हातात पेटी धरून घुटमळला. धाकटीने ती त्याच्या हातातून घेतली, उघडली आणि भाग पुढे केले. त्याने ते निमूटपणे जोडले आणि आत जाऊन अक्काचा आवाज ऐकायला कानाला हेडफोन लावले.

या वेळी तिने छोटा रेडिओ लावला, हेडफोन खुंटीला अडकवले आणि राखणदाराची वायरच उपटून हातात घेतली. बाईंनी श्रोत्यांना सांगितलं, "मघाशी जे राहून गेलं ते आता ऐका. ज्यांच्यासाठी वाजवायचं, त्याही आपल्यासोबत आहेत."

दादाने सरळ वडिलांचा अर्धा भाग वाजवला. ओठ थकले होते, दोन ठिकाणी सूर कापला. अर्धा भाग संपला आणि तो थांबला. अक्काचा अर्धा या वेळी त्याने वाजवला नाही. क्लॅरिनेट खाली घेऊन तो नुसता उभा राहिला.

छोट्या रेडिओत काहीच नव्हतं. धाकटी सवयीने मोजू लागली. पाच, सहा, सात, आठ. तिच्या मुठीत वायर घामाने ओली झाली. नऊ. दहा. बाईंनी घाबरून काचेतून तिच्याकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली. बोलू नका. बारा. तेरा. आता साऱ्या वस्तीला वाटत असेल स्टेशन बंद पडलं. वाटू दे!

मग रेडिओतून शीळ आली. सूर थोडा आणि हवाच जास्त, मध्ये एकदा खोकला. पण एकही वळण चुकलं नव्हतं. बहात्तर वर्षांच्या अक्काने आपला अर्धा भाग शेवटपर्यंत वाजवला.

दादाने भिंतीला हात टेकला.

"उशीर केलास," अक्का म्हणाली.

"केला गं," दादा म्हणाला. "उद्या दात काढणार आहेत माझे."

"धाकटी बोलली मला. मग आजच ये."

"येतो. हे संपलं की निघतोच."

"ये. आणि जिन्याखालून वाजव आधी," अक्का म्हणाली. "मी उत्तर दिल्याशिवाय वर चढू नकोस."