राजा थांबतो ती जागा

मुकुटाच्या आत शिवलेली कापडी पट्टी एका टोकाला सुटली होती – बोटभरच, पण तेवढ्यातून पत्र्याची धार दिसत होती, आणि ती दादाच्या कपाळाला नेमकी कुठे लागेल हे तिला ठाऊक होतं. पट्टी तिनेच घातलेली. दादा आजारातून उठला आणि मुकुट त्याच्या भुवयांवर घसरायला लागला, तेव्हा. माणूस वाळला की त्याचं डोकंही लहान होतं का... तिने दोन टाके घातले, दोरा दातांनी तोडला आणि मुकुट मेकअपच्या आरशासमोर ठेवला. दादा डोळे मिटून बसला होता. त्याचे ओठ हलत होते.

"पाठ म्हणतोयस?"

"छे गं! तोंडाला जरा व्यायाम," तो डोळे न उघडता म्हणाला. "तू आहेस ना विंगेत. मग मला कसली काळजी?"

आहे ना. मी आहेच. वीस वर्षं त्याच विंगेत, त्याच डुगडुगत्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि संहितेवर लहानसा दिवा. प्रॉम्प्टरचा आवाज नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये, एवढीच काय ती विद्या. पण ती तिच्यासारखी कुणालाच साधली नाही असं दादा चारचौघांत सांगायचा, आणि ती खोटं खोटं रागावायची.

काल मात्र दिग्दर्शक तिला जिन्यात गाठून म्हणाला होता, "ताई, उद्या दुपारच्या प्रयोगाला मी समोर बसतोय. शेवटच्या अंकात दादा अडले नाहीत तर प्रश्नच नाही. अडले तर मात्र... पुढच्या महिन्यापासून राजा तुमचा लेक करेल. वाईट वाटून घेऊ नका." वाईट? ती "बघू" म्हणाली आणि घरी गेली, आणि भाजी चिरता चिरता तिने मनातल्या मनात मुकुटातली पट्टी उसवूनही टाकली, कारण लेकाचं डोकं मोठं, बापाच्या वळणाचं. मग तिचीच तिला लाज वाटली. तिने भाजी उगाचच पुन्हा धुतली.

नाटक जुन्या इंग्लंडमधल्या एका राजाचं. राजा चुलत्याची इस्टेट हडप करतो, हद्दपार केलेला चुलतभाऊ सैन्य घेऊन परत येतो, आणि भरदरबारात राजाला आपल्या हातांनी मुकुट उतरवून त्याला द्यावा लागतो. राजा म्हणजे दादा. चुलतभाऊ म्हणजे तिचा लेक. घरी मामा-भाचे आणि इथे चुलतभाऊ, त्यामुळे दोघांना एका वयाचे दाखवता दाखवता मेकअपवाला मेटाकुटीला यायचा. पण तिला हसू यायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. लेक मुकुट घेतो आणि गप्प उभा राहतो. बोलतो तो दादाच, हरलेला राजाच. राज्य याला मिळतं आणि टाळ्या त्याला. सहा वर्षं पोरगं असं नुसतं उभं आहे, आणि कधी चकार शब्द काढत नाही – मामा, पाणी आणू का. मामा, शाल घ्या. मामा, सावकाश, पायरी आहे...

शेवटचा अंक. दादाने मुकुट उतरवून पुढे धरला. लेकाने दुसरी कड पकडली. इथे राजा थांबतो. ही जागा दादाची स्वतःची, संहितेत नाही. कधी चार श्वास, कधी सात, आणि त्या वेळात प्रॉम्प्टरने तोंड उघडणं म्हणजे पाप. तिला ओळखू यायचं ते अंगठ्यावरून. दादा नुसता थांबलेला असला की त्याचा अंगठा मुकुटाच्या कडेवरून हळूहळू फिरत असतो.

अंगठा फिरत नव्हता.

विसरला. पुढचे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, दोनच पुरतात, आणि ते कुणालाही न कळता कसे पोचवायचे हे तिच्याइतकं कुणाला... दादाची नजर वळली. थेट विंगेत, थेट तिच्यावर. तिच्या लग्नाआधी एकदा नदीत त्याचा पाय घसरला तेव्हा त्याने तिच्याकडे असंच पाहिलं होतं, ओरडला नव्हता. बोल. बोल ना. मी बोलत नाहीये. समोर अंधारात दिग्दर्शक बसला आहे आणि मी बोलत नाहीये, दिवा स्वच्छ आहे, ओळ समोर आहे, मी फक्त...

लेकाच्या गळ्याची घाटी हलली. ओठ नाही, फक्त घाटी. त्याचा चेहरा तसाच, विजेत्याचा, कडक.

दादाचा अंगठा फिरू लागला. मग वाक्य आलं, आणि नेमक्या जागी त्याचा आवाज फाटला. समोर कुणीतरी हुंदका दिला.

प्रयोग संपताच दिग्दर्शक धावतच आत आला. "दादा, काय थांबलात! अंगावर काटा आला. आता तुमच्याशिवाय दुसरा राजा मला सुचवू नका." दादा हसला, घामाने ओथंबलेला, आणि दिग्दर्शक बाहेर गेल्यावर त्याने तिचं मनगट धरलं.

"आज किती हळू सांगितलंस गं! मला क्षणभर वाटलं, मुकुटाच्या पलीकडूनच आवाज आला. तू नसतीस तर आज माझं काही खरं नव्हतं."

"घाम पूस आधी," ती म्हणाली.

लेक कोपऱ्यात दाढी सोडवत होता. त्याने ऐकलं होतं. तो उठला, मामाच्या खांद्यावरून जड झगा उतरवून खुंटीला लावला, आणि तिच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आई, पान मागेपुढे झालं होतं का?"

तो तिला वाट काढून देत होता. लहानपणी दूध सांडल्यावर ती त्याला द्यायची तशी – मांजराने सांडलं का रे? तुझ्यासाठीच रे, असं म्हणावंसं वाटलं, आणि लगेच कळलं की हे त्याला कधीच सांगता येणार नाही.

"हो," ती म्हणाली. "दोन पानं एकदम उलटली."

"होतं असं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात संशय नव्हता, किंवा त्याने तो येऊ दिला नव्हता. ते ओळखायला त्याचा अंगठा तिने कधी पाहिलाच नव्हता. आता संध्याकाळचा प्रयोग होता. राजा पुन्हा तिथे थांबेल, आणि या वेळी दोघांचेही कान तिच्याकडे असतील. तो दादासाठी चहा आणायला गेला. त्याच्या पाठीकडे बघताना तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की हा थोडा कमी चांगला निघाला असता तर बरं झालं असतं.