उस्तांच्या हंड्यातला मध

शुक्रवारची नमाज संपली की इंजेदेरे गावातली निम्मी माणसं घरी न जाता पोळेबुवाच्या अंगणात शिरत. प्रत्येकाच्या हातात चहाचा पेला असे. चहा चौकातल्या हॉटेलातूनच आणायचा, हा बुवाचा दंडक. चहात आधीच काही कालवलं होतं, असं मागाहून कोणी म्हणायला नको. बुवा अक्रोडाच्या झाडाखाली बसे आणि त्याच्यापुढे दोन बरण्या असत. एक उघडी आणि दुसरीवर लोकरीचा मोजा चढवलेला, कारण तिच्यातल्या मधाला म्हणे थंडी वाजते.

त्या शुक्रवारी पहिला नंबर हव्वाचा होता. तीन वर्षांचा पोयराझ तिच्या कडेवर मान टाकून पडला होता. बुवानं त्याला पेल्यावर तीनदा फुंकर मारायला सांगितलं. त्याला ते जमेना, तेव्हा आईनंच त्याच्या वतीनं फुंकर मारली. मग मोज्याच्या बरणीत लाकडी चमचा बुडाला. चमचा लाकडीच हवा, लोखंड नजरेची वाट अडवतं, हे बुवा दर शुक्रवारी न चुकता सांगे. चमचा चहात फिरला आणि तांबूस चहा बघता बघता काळा झाला. शाईसारखा काळा.

अंगणातल्या बायांनी तोंडावर हात ठेवले.

"विसावा दिवस ना आज?" बुवानं पेला उन्हात धरला. "बघ पोरी, मागच्यापेक्षा काळा आहे. घाबरू नकोस. नजर आतनं सुटायला लागलीय, म्हणून पोर असं मलूल झालंय. आता चमचे वाढव. दिवसाला चार."

बुवा स्वतःचा मध खायला देत नसे. माझा मध नजर दाखवतो, काढत नाही, असं तो म्हणे. काढायला रक्ताच्या नात्यातल्या घरचा मध लागतो. चाळीस दिवस तो मध खायचा, मधल्या एका शुक्रवारी दाखवून जायचं आणि शेवटी परत यायचं. मग उघड्या बरणीतला मध चहात पडे, चहा तांबूसच राही आणि माणूस बरा झाल्याचं जाहीर होई. ज्यांना बरं वाटत नसे त्यांच्या मनात खोट आहे असं ठरे. बुवाला काही द्यायची सक्ती नव्हती. लोक आपण होऊन लोणी, चीज, कोंबड्या आणून ठेवत.

पोयराझची आत्या, नेसरीन, कुंपणाला टेकून उभी होती. ती खालच्या गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. कामाशिवाय बोलणारी बाई नव्हती ती, आणि चारचौघांत तर नाहीच. पण भाचा गेल्या महिन्यात "आत्या" म्हणायचा विसरला होता. जानेवारीत त्याला खोकला झाला होता. खोकला गेला, पण त्यानंतर पोट दुखायला लागलं, जेवण तुटलं, आणि मग एकेक शब्द गळत गेला. तिचा भाऊ, पोयराझचा बाप, मासेमारीच्या बोटीवर होता. पोराचा निर्णय घ्यायला हव्वा एकटी, आणि तिला कोणीतरी ठामपणे बोलणारं हवं होतं. डॉक्टर "बघू या" म्हणायचा. बुवा "चाळीस दिवस" म्हणायचा.

नेसरीन पुढे गेली. तिनं हव्वाच्या हातातला पेला घेतला आणि खिशातलं अर्धं लिंबू त्यात पिळलं.

काळा रंग विरत गेला. चहा पुन्हा तांबूस झाला, नेहमीपेक्षा जरा फिकाच.

हॉटेलवाला इदरीस पेले गोळा करायला आला होता. तो म्हणाला, "बुवा, तुमची नजर लिंबाला भ्यायली की."

लोक हसले, पण दबकत. बुवाही हसला आणि म्हणाला, लिंबूही पाक, पवित्र वस्तूच आहे, बाईंनी त्याचाच गुण दाखवला. नेसरीननं वाद घातला नाही. तिनं बुवाचा स्वतःचा पेला उचलला, त्याच्यापुढे धरला आणि फुंकर मारायला सांगितलं. चाळीस वर्षं नजर ओळखणाऱ्याला नजर कशी लागेल, असं म्हणत बुवानं ऐटीत तीन फुंकरा मारल्या. तिनं मोज्याच्या बरणीतला एक चमचा त्यात घातला. पेला काळा झाला.

मग तिनं बरणीचा मोजा ओढला. तळाशी बोटभर जाडीचा गंजलेल्या खिळ्यांचा थर बसला होता.

तिनं वर्गात सांगावं तसं हळू सांगितलं. मधात आंबटपणा असतो, तो गंजातलं लोखंड ओढून घेतो. असं लोखंड चहात पडलं की चहातल्या तुरटपणाशी मिळून काळं होतं. जुन्या काळी लिहायची शाई अशीच करायचे. लिंबू ते लोखंड धरून ठेवतं, म्हणून काळेपणा जातो. बुवानं चहाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली आहेत आणि गंजक्या टाकीत चहा काळा पडतो हे तिथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक असतं.

"आता बोला बुवा," इदरीस म्हणाला. "खिळ्यांनापण थंडी वाजते का?"

या वेळी लोक मोकळेपणानं हसले. बुवा बरण्या उचलून घरात गेला. नेसरीननं मोज्याच्या बरणीतला थोडा मध डबीत भरून घेतला, शाळेत मुलांना दाखवायला. त्या दिवशी ती इंजेदेरेच्या चढावरून घरी गेली तेव्हा तिला वाटलं होतं की काम झालं.

घरी आल्यावर, पोराला निजवताना हव्वा म्हणाली, "बुवा खोटा निघाला, मान्य. पण ताई, मध तर खोटा नाही ना? मध बाबांचा आहे."

मध खरंच बाबांचा होता. नेसरीनच्या वडिलांचा, रुस्तम उस्तांचा. वरच्या कुरणांत, जिथं ना रस्ता ना कारखाना, तिथं पोकळ ओंडक्यांतली त्यांची पोळी होती. ते तांबटाचं काम करत, म्हणून लोक त्यांना उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणत, आणि आयुष्यभर त्यांनी अख्ख्या खोऱ्याच्या भांड्यांना कल्हई केली होती. आता हात थरथरत, पण पोयराझ जन्मला तेव्हा त्यांनी आपल्या आईचा तांब्याचा हंडा काढला आणि गेल्या शरदात त्याला आतून नव्यानं कल्हई केली. या हंड्यातला मध माझ्या नातवाचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी घरात बजावलं होतं. खोकला झाला तेव्हा रोज एक चमचा ते स्वतः भरवत.

"मध राहू दे," नेसरीन म्हणाली. "चांगलाच असतो. बुवाकडे तेवढी जाऊ नकोस."

आणि त्या संध्याकाळी हव्वा भाकरी भाजत होती म्हणून हंड्यातला चमचा नेसरीननंच भरवला. पोयराझनं तोंड फिरवलं. तिनं लाडीगोडी लावून भरवला.

त्यानंतर अकराव्या दिवशी पोराला झटके आले.

जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट पाहिलं आणि रक्तातलं शिसं मोजायला सांगितलं. काळजी करावी त्या पातळीच्या बारापट शिसं निघालं. रक्तातलं शिसं ओढून घेणारं औषध ताबडतोब सुरू झालं. मग त्यांनी नेसरीनला बाहेर बोलावून विचारलं की हा असं काय खातो जे घरातलं दुसरं कोणी खात नाही.

नेसरीनच्या मनात पहिलं आलं ते खिळ्यांच्या बरणीचं. तिला जवळजवळ आनंदच झाला. अखेर त्या माणसाला तुरुंगात धाडता येईल. तिनं बुवाच्या मधाची डबी तपासायला दिली. सोबत, पद्धत म्हणून, हंड्यातला मध दिला आणि ओंडक्यातल्या पोळ्याचा एक तुकडाही दिला. प्रयोगात तुलनेला काहीतरी ठेवायचं असतं, हे ती मुलांना दरवर्षी शिकवायची.

पाच दिवसांनी कागद आला. बुवाच्या मधात लोखंड खच्चून होतं. शिसं नव्हतं. पोळ्याच्या तुकड्यात दोन्हींतलं काहीच नव्हतं. हंड्यातल्या मधात शिसं होतं, इतकं की प्रयोगशाळेनं चाचणी दोनदा केली होती.

ती कागद हातात घेऊन जिन्यावर बसली. मधमाश्यांची चूक नव्हती, कुरणाची नव्हती आणि बुवाचीही नव्हती. भाच्याच्या पोटात एकेक चमचा कुठून गेला होता, हे त्या चार ओळींत लिहिलं होतं. त्यातला एक चमचा तिचा होता.

उस्ता कामाच्या खोपीत बसले होते. तिनं कागद दाखवला नाही. शेजारी बसून नुसतं विचारलं, "बाबा, हंड्याला कल्हई कशाची केलीत?"

"कथलाची. आणखी कशाची करतात?"

"नुसत्या कथलाची?"

"नाही," उस्ता म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, न लपवता. कथील मिळेनासं झालं होतं. मासेमारीच्या जुन्या जाळ्याची शिशाची वजनं पडली होती, ती वितळवून त्यात घातली. शिसं घातलं की कल्हई सरसर पसरते, चकाकतेही जास्त, थरथरत्या हातालाही साधते. सगळेच करतात. पण त्याला नियम असतो. दह्याच्या, लोणच्याच्या, टोमॅटोच्या भांड्याला शिसं लावायचं नाही, कारण आंबट पदार्थ ते सोडवतो. हे त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"साठ वर्षांत आंबटाच्या भांड्याला मी शिसं लावलेलं नाही," ते म्हणाले. "कोणालाही विचार. ह्यात तर मध ठेवायचा होता. मधाइतकं गोड काय असतं?"

नेसरीननं पर्समधून शाळेतली लिटमसची निळी पट्टी काढली. कोपऱ्यातल्या हंड्यात, तळाशी उरलेल्या मधात थोडं पाणी कालवून ती बुडवली. पट्टी लाल झाली. काय झालं ते समजावून सांगायची वेळ तिच्यावर आली नाही. आंबट पदार्थात पट्टी लाल होते, हे तिनं सहावीत असताना याच खोपीत, ताकाच्या वाटीत बुडवून त्यांना दाखवलं होतं, आणि तेव्हा त्यांनी कौतुकानं शेजाऱ्यांना बोलावलं होतं.

उस्तांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"किती दिलं मी त्याला?" त्यांनी विचारलं.

तिनं आकडा सांगितला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की रक्तातलं शिसं उतरेल, पण मेंदूचं जे बिघडलंय त्यातलं किती सुधारेल ते आत्ता सांगता येणार नाही. शब्द परत येतील, कदाचित सगळे नाही. पोर बरं होईल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा हे तिनं सांगितलं, कारण विचारल्यावर खोटं बोलणं तिला जमत नसे.

त्या दिवसापासून हव्वा सासऱ्यांशी बोलली नाही. पोयराझ महिन्यानं घरी आला. तो चालायचा, "पाणी" म्हणायचा, "आई" म्हणायचा. आजोबांकडे बघायचा आणि त्याला नाव सापडायचं नाही.

गावात तेवढ्यात दुसरंच काही सुरू झालं होतं. प्रयोगशाळेच्या कागदाची बातमी फुटली आणि बुवानं अक्रोडाखाली पुन्हा बैठक मांडली. सरकारी कागद सांगतो, माझा मध शुद्ध, असं तो म्हणत होता. विष त्यांच्याच घरात होतं, आणि माझ्या चहानं ते आधीच दाखवलं होतं की नाही? लोकांना ते पटत होतं. पेला तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळा झाला होता.

नेसरीननं शाळेत सभा बोलावली. ती बोलली, नेहमीसारखं मुद्द्याचं. तो पेला कोणाच्याही फुंकरीनं काळा होतो, बुवाच्याही झाला होता, म्हणून त्यानं काही सिद्ध होत नाही. शिसं दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. अंगात गेलेलं शिसं रक्ताच्या तपासणीत कळतं आणि तेवढ्यातच कळतं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, बुवाच्या मधानं कोणी आजारी पडलं नाही. तुमच्या बाबांच्या मधानं पडलं. मग कोणाचं ऐकायचं?"

नेसरीननं प्रयोगशाळेचा कागद पुन्हा उघडला.

दाराशी उभे असलेले उस्ता पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बरोबर विचारलंस," ते म्हणाले. "तो खोटं बोलत होता आणि माझ्या मनात खोट नव्हती. पोराच्या पोटाला दोन्हींत फरक पडला नाही. त्यानं चार चमचे सांगितले आणि ते मी भरवले. तेव्हा त्याचं ऐकू नका आणि माझंही ऐकू नका. माझे पांढरे केस बघून तर मुळीच नको. पोरांचं रक्त तपासून घ्या. मी कल्हई केलेलं प्रत्येक भांडं घेऊन या, एकही ठेवू नका. लेक ती तपासून घेईल. ती सांगेल तेही कागदावर लिहून मागा."

ते खाली बसले नाहीत. तसेच बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खोपीपुढे रांग लागली. तांब्याच्या घागरी, पातेली, तसराळी. नेसरीन प्रयोगशाळेत पाठवायच्या प्रत्येक भांड्याला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत होती. उस्ता ओट्यावर बसून एकेकीला एवढंच विचारत होते की यात काय ठेवता. पीठ, म्हणाली पहिली. वाल, म्हणाली दुसरी. तिसरी वरच्या आळीतली कोवळी सून होती. तिनं झाकणाची बुटकी घागर पुढे केली. आत लखलखीत कल्हई होती, काठापासून चार बोटं खाली मात्र, आतल्या जिनसाच्या पातळीला, कल्हई झिजून करड्या रंगाची रेघ उमटली होती.

"मध," ती म्हणाली.

उस्तांनी घागर मांडीवर घेतली. "घरात लहान पोरं किती?"

तिनं दोन बोटं वर केली.