जळका वास

मॉलमधलं थिएटर बंद पडलं, त्याचं खापर सगळ्यांनी दारवानावर फोडलं. भर सिनेमात त्याला जळका वास आला आणि कुणाला न विचारता त्याने दिवे लावून हॉल रिकामा केला. आग काही सापडली नाही, पण शहरभर बोभाटा झाला. हळूहळू प्रेक्षक आटले आणि शेवटी कुलूप लागलं. तिथे प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर म्हणजे दारवानाच्या बायकोचा सख्खा भाऊ. "दाजींच्या नाकापायी माझ्या पोटावर पाय आला," म्हणत त्याने बहिणीच्या घरी जाणंच सोडलं.

पुढे थिएटर मोडायला काढलं, तेव्हा दोघेही शेवटचं बघायला आले, पण लांब लांब उभे राहिले. कामगारांनी छताच्या फळ्या उतरवल्या. वरच्या वायरींचा पार कोळसा झाला होता आणि आजूबाजूचं लाकूडही करपलं होतं.

ते बघून मेहुणा दारवानाजवळ आला.

"दाजी, त्या खेळाला माझी पोरगी बसली होती."

"हो. मीच तिला कडेवर घेऊन जिना उतरलो."

दारवानाने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी चल. तुझ्या ताईला भेट."